दुसरा कंट्रोलर

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक काचा सरकवायची आणि विचारायची, "आत्ताची बरी, की आधीची?" समोरचा माणूस घुटमळला की तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "दिसतंय ना? मग सांगा की. त्यात एवढा विचार कसला?" तिला स्वतःला कशाहीबद्दल मत द्यायला क्षणभरही लागत नसे. आणि व्हिडिओ गेमचा विषय निघाला, तर मग विचारूच नका.

गेमचं वेड तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकदमच लागलं होतं. आईवडील दोघंही कामावर जायचे, त्यामुळे शाळेतून आल्यावर घरात ही दोघंच. मामानं वापरून दिलेला एक जुना कन्सोल टीव्हीखाली पडलेला असायचा. त्याचा धड कंट्रोलर ताईचा आणि ज्याचं एक बटण दाबलं की आत जाऊन बसायचं तो भावाचा. भाऊ पुढे लिफ्ट दुरुस्त करायला लागला, दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच झाला, पण ताईच्या तोंडी तो कायम छोट्याच राहिला. कन्सोल बदलले, कंट्रोलर बदलले, आईवडील गेले. रविवारची दुपार मात्र दोघांनी कधी सोडली नाही.

नवा गेम आणला की दोघं तो थोडा खेळून बघायची. मग छोट्या कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणायचा, "हं ताई, बोल आता." आणि ताई बोलायची.

शेतीच्या गेमबद्दल ती म्हणाली होती, "दिवसभर दुकानात उभं राहायचं आणि घरी येऊन खोट्या कोबीला पाणी घालायचं? त्यापेक्षा बाल्कनीतल्या कुंड्या काय वाईट आहेत? त्यांना निदान खरी फुलं तरी येतात."

तलवारींच्या एका गेममध्ये पहिल्याच राक्षसानं दोघांना दुपारभर लोळवलं. त्यावर तिचं मत असं पडलं, "अवघड असणं वेगळं आणि उर्मट असणं वेगळं. हा गेम उर्मट आहे. मारतो तो मारतो, वर उपदेशही करतो."

हॉटेलातल्या खुनाचा एक गेम होता. त्यातला खुनी तिनं जिन्यातच ओळखला, तरी गेम तिला आवडला. "खून सोड रे. ती पियानो वाजवणारी म्हातारी कशी खोटं बोलते बघ. ऐकत बसावंसं वाटतं. तिच्यासाठी मी पुन्हा खेळेन."

छोट्या हे सगळं कामावर जाऊन सांगायचा. "आमची ताई म्हणते" असं म्हणून सुरुवात करायचा आणि लिफ्टवाली मंडळी हातातले पाने बाजूला ठेवून ऐकायची. हे ताईला ठाऊक होतं. ती तसं दाखवायची नाही, पण आतून सुखावायची.

एकाच गेमबद्दल मात्र तिनं कधी वाकडा शब्द काढला नाही. त्याला ती दोघं दोरीचा गेम म्हणायची. समुद्रातून वर निघालेला उंच कडा, त्याच्या टोकावर विझलेला दिवा आणि तो पेटवायला निघालेली दोन माणसं, एक लाल, एक पिवळं, दोघांच्या कमरेला एकच दोरी. एकानं उडी मारायची तर दुसऱ्यानं दगड घट्ट धरायचा. दोघं एकदम सुटले की दोघंही पाण्यात. ताई लाल, छोट्या पिवळा. गेम असा रंगला, की शेवटची चढण तेवढी उरली आणि दोघांनी तो मुद्दामच तिथे थांबवून ठेवला. "घाई काय आहे संपवायची?" ताई म्हणायची. मधूनच लावायचा, मागचा एखादा कडा पुन्हा चढायचा, दिव्याकडे खालून बघायचं आणि बंद करायचा.

मग छोट्याचं लग्न झालं.

मोठ्या गोदामातली मालाची लिफ्ट बंद पडली म्हणून तो दुरुस्तीला गेला होता. तिथे फोर्कलिफ्ट चालवणारी एक मुलगी होती. छतापर्यंत रचलेल्या खोक्यांमधून ती गाडी अशी वळवायची, की गोदामात तिला सगळे पायलट म्हणायचे. तिच्याशी छोट्याचं सूत जमलं ते लिफ्ट चालू होण्याच्या आतच. ताईनं आनंदानं लग्न लावून दिलं. समोरच्या इमारतीत त्यांना भाड्यानं जागा शोधून दिली. एवढंच नव्हे, तर सामान नेताना कन्सोलही तिनंच त्यांच्या खोक्यात ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे. रविवारी मीच येत जाईन," ती म्हणाली. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही तिला तेव्हा वाटून गेलं.

ते मोठं मन काही महिनेच टिकलं.

भावाच्या घरात टीव्हीसमोर दोघांपुरता सोफा होता आणि बाजूला एक खुर्ची. ताईला कुणी खुर्चीवर बस म्हणालं नाही, पण दर रविवारी ती जायची तेव्हा सोफा भरलेला असायचा. "ताई, या ना, इथे बसा," म्हणत पायलट उठायची. "असू दे, असू दे," म्हणत ताई खुर्चीवर बसायची आणि तिथून तिला टीव्ही तिरका दिसायचा.

सुरुवातीला पायलट नुसती बघत बसायची. मग एकदा छोट्यानं दुसरा कंट्रोलर तिच्या हातात दिला. मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. शर्यत म्हणजे ताईचा हातखंडा. लहानपणापासून छोट्याची गाडी एकदाही तिच्या पुढे गेली नव्हती. पायलटनं तिला पहिल्याच दिवशी मागे टाकलं. वळण आलं की ती बोट इतकं हलकेच हलवायची, की गाडी रस्त्याला चिकटून सरकल्यासारखी जायची. छोट्या टाळ्या पिटत सोफ्यावरून उठला. "बघितलंस का ताई? बघितलंस?"

"बघितलं," ताई म्हणाली. "गाड्यांचा आवाज फार करतो हा गेम. डोकं उठलं माझं."

हरणं तिनं एक वेळ पचवलंही असतं. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या दुसऱ्याच गोष्टीनं. गेम संपल्यावर छोट्या वळला आणि "पायलट, तुला कसा वाटला?" असं त्यानं विचारलं. आधी पायलटला! आणि पायलट म्हणाली, "छान."

बस, एवढंच. ताई पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. पुढे काही नव्हतंच. छोट्यानं मात्र कुणी फार खोल बोलून गेल्यासारखी मान डोलावली. पुढच्या रविवारी पाणबुडीचा गेम लावला, तेव्हा पायलटचं मत पडलं, "मजा आली." त्यानंतरचा होता शहर वसवण्याचा, त्यालाही "छान." आणि एकदा तर ताई एका गेमच्या कथेची छान चिरफाड करत असताना छोट्या मध्येच म्हणाला, "पण पायलट म्हणते, की यातलं संगीत चांगलं आहे."

पायलट म्हणते! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ज्या वाक्याची सुरुवात 'ताई म्हणते' अशी व्हायची, त्यात हिनं येऊन हातपाय पसरले होते.

"छान हे काय मत असतं का रे?" घरी निघताना जिन्यात तिनं छोट्याला विचारलं. "छान तर पडदेही असतात."

"अगं, तिला नाही तुझ्यासारखं बोलता येत," छोट्या हसत म्हणाला.

"मग विचारतोस कशाला?"

छोट्या नुसता हसला. त्या हसण्यात बायकोचं कौतुक होतं, आणि ते ताईला रस्ता ओलांडेपर्यंत टोचत राहिलं.

पुढच्याच रविवारची गोष्ट. छोट्या स्वयंपाकघरात कॉफी करत होता, पायलट खिडकीशी उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईनं कन्सोल लावला आणि सहज सवयीनं दोरीच्या गेमवर आली. त्याच्या चित्रात एरवी काळोखा कडा दिसायचा. आज तिथे दिवा पेटलेला होता. लखलखीत पिवळा उजेड, खाली चमकणारा समुद्र, आणि दिव्याच्या पायरीवर पाय सोडून बसलेली दोन माणसं, एक लाल, एक पिवळं. दोघांच्या कमरेची दोरी सुटलेली होती. खाली लिहिलं होतं, "प्रवास पूर्ण. पुन्हा सुरुवात करायची?"

ताई त्या लाल माणसाकडे बघत राहिली. तिच्या माणसाला दुसऱ्याच कुणीतरी तिथवर नेऊन बसवलं होतं.

"दोरीचा कुणी संपवला?" तिनं विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

छोट्या कॉफीचे कप घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. "अगं ताई, ते... असंच सहज, बसलो होतो, म्हटलं बघू तर... आणि एकदम संपलाच."

"सहज?"

"सांगणार होतो तुला."

पायलटनं खिडकीकडून तोंड वळवलं नाही. तिच्या हातातला शर्ट घडी होऊनही ती त्याची घडी घालतच राहिली.

"बरंच झालं," ताई म्हणाली. "तसा शेवटी शेवटी रटाळच झाला होता तो. आटोपलात ते चांगलं केलंत." तिनं कॉफी संपवली, कप स्वतः धुऊन पालथा घातला आणि घरी आली. त्या गेमबद्दलचं तिचं ते पहिलं वाईट मत, आणि ते धडधडीत खोटं होतं.

त्यानंतर तिचे रविवार एकाएकी कामात बुडाले. कधी दुकानात नव्या फ्रेमा मांडायच्या असत, कधी मान दुखायची. "येतो की मीच," असं छोट्या म्हणाला, तर तिनं झोपायचंय म्हणून सांगितलं. आणि बाजारात जाऊन तिनं स्वतःसाठी वेगळा कन्सोल आणला. गेम मात्र सगळे एकट्यानं खेळायचे निवडले. वाळवंटातून एकटीनंच चालत जायचा एक होता. "वाळू सुंदर आहे, पण वाळूच आहे," ती म्हणाली, आणि आपण हे मोठ्यानं बोललो आणि खोलीत ऐकायला कुणी नाही हे तिच्या लक्षात आलं. एका गेममध्ये कुत्र्याला फिरायला न्यायचं होतं. कुत्रा अधूनमधून मागे वळून बघायचा, तेवढंच तिला आवडलं. बाकी सगळ्यांत खोट निघत गेली. हा लांबलाय, तो उथळ आहे, ह्यातली माणसं सारखं एकमेकांना मिठ्या काय मारतात.

तिच्या खिडकीतून समोरच्या घराचा सोफा दिसायचा. संध्याकाळी दिवे लागले, की त्यावरची दोन डोकी दिसायची. कधी एकदम मागे जायची, म्हणजे दोघं हसत असणार. ताई पडदा ओढायची. थोड्या वेळानं, हवा यायला हवी असं स्वतःला सांगून तो पुन्हा सरकवायची.

आणि एक गोष्ट ती रोज करत होती. दुकानातून आली, की शर्यतीचा गेम लावून वळणं घटवत बसायची. त्या गेमच्या आवाजानं आता तिचं डोकं उठत नव्हतं. एक ना एक दिवस बाईसाहेबांना असं पाणी पाजायचं, की पुन्हा छान म्हणायची छाती होता कामा नये.

अशात छोट्याला कंपनीनं नव्या लिफ्टांचं शिक्षण घ्यायला परगावी पाठवलं. तो गेला त्या आठवड्यात एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि गोदामाच्या निळ्या कपड्यांत पायलट आत आली.

"गोदामात सगळ्या चालकांचे डोळे तपासून आणायला सांगितलेत," ती म्हणाली. "दुसरीकडे गेले असते, पण म्हटलं, घरचं दुकान असताना..."

"ये," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिनं पायलटला आतल्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड फ्रेम चढवली, समोरच्या भिंतीवर अक्षरं लावली. पायलट मधल्या ओळीतच अडखळली. ताईनं काच सरकवली. "आत्ताची बरी, की आधीची?"

"आत्ताची."

"आणि ही?"

"ही जास्त बरी." मग त्याच सुरात, समोर अक्षरांकडे बघतच पायलट म्हणाली, "ताई, दोरीचा गेम मी संपवायला लावला. त्याला नको होतं."

ताईचा हात काचेसकट हवेत राहिला.

"तो नको नको म्हणत होता. हा आमचा आहे, म्हणत होता. मीच हट्ट धरला. रुसले, दोन दिवस बोलले नाही, तेव्हा तयार झाला."

"का पण?" ताई म्हणाली. "तुला इतके गेम होते खेळायला."

"होते ना. पण कुठलाही लावला तरी ताई असतेच त्यात. ताई इथून उडी मारते. ताईनं हे दार आधीच बघितलं असतं. ताई म्हणते, हा गेम उर्मट आहे. सकाळी दात घासताना ताई म्हणते, भांडी विसळताना ताई म्हणते. लग्न माझ्याशी केलंय आणि घरात सगळं तुम्ही बोलता." भिंतीवरच्या अक्षरांचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. त्या अवजड फ्रेमखाली तिचं नाक लाल झालं होतं. "आणि तो एक गेम, त्याला तर हातच लावायचा नाही. मला वाटलं, तो संपला की हे सगळंही संपेल."

"मग संपलं?"

"कुठलं! शेवटच्या चढणीवर मी त्याला इतक्या वेळा पाण्यात पाडलं, की शेवटी वैतागून म्हणाला, ताई असती तर पहिल्या खेपेतच झालं असतं. मी लाल माणूस वर नेऊन बसवला आणि रडले. तो घाबरला. त्याला वाटलं, आनंदानं रडतेय."

ताईनं खरं तर चिडायला हवं होतं. आपल्या मालकीची गोष्ट मुद्दाम, ठरवून मोडली गेली होती, आणि मोडणारी समोर बसून कबूल करत होती. पण ताईच्या छातीत राग शोधूनही सापडेना. तिथे भलतंच काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. दात घासताना ताई म्हणते! ती किती महिने ज्या घराकडे खिडकीतून बघत जळत होती, त्या घरात कुणीतरी बसून तिच्यावर जळत होतं. आपला कुणाला हेवा वाटावा, याच्याइतकं गोड काही तिला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. अंधार होता म्हणून बरं. तिचं तोंड कानापर्यंत फाकलेलं पायलटला दिसलं नाही.

"आणि मी छान म्हटलं," पायलट पुढे म्हणाली, "की तुम्ही, हिला काय कळतं, असं त्याच्याकडे बघता. तसं बघितलं, की मला पुढचं बोलताच येत नाही. असतं डोक्यात, पण तोंडातून छानच येतं."

हे ऐकून मात्र ताईचं हसू आपोआप मिटलं. आपण कसं बघतो ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

तिनं गुपचूप पुढची काच सरकवली, मग आणखी एक. नंबर बराच निघाला. "लांबचं तुला मुळीच धड दिसत नाही," ती म्हणाली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "थांब. म्हणजे असल्या डोळ्यांनी तू मला शर्यतीत हरवत होतीस?"

"लांबचं कशाला बघायचं? वळण जवळ आलं, की वळायचं."

ताईनं कपाळावर हात मारला. क्षणापूर्वी मिळालेलं सगळं सुख अर्धं उरलं.

चष्मा तयार झाला तेव्हा ताई तो स्वतः घेऊन समोरच्या घरी गेली. रविवार होता. छोट्या अजून परगावीच होता, त्यामुळे सोफा रिकामा होता आणि ती सरळ त्यावर बसली. "एक नवा आणलाय," ती म्हणाली. "सामान हलवायचा. याला दोन माणसं लागतात."

त्या गेममध्ये दोन हमाल होते आणि त्यांनी एक भलामोठा सोफा वाकड्या जिन्यावरून खाली न्यायचा होता. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. पहिल्याच वळणावर सोफा दारात अडकला. ताई म्हणाली उभा कर, पायलट म्हणाली आडवा घ्या. ताईनं उभा केला, पायलटनं आडवा घेतला, आणि सोफा खिडकीतून बाहेर गेला.

"उभाच करायला हवा होता!"

"अहो, छताला लागला असता!"

दुसऱ्यांदा तो जिन्याचा कठडा घेऊन गेला. तिसऱ्यांदा ताईचाच हमाल त्याखाली सापडला. दोघींचे आवाज चढत गेले. "डावीकडे, ताई, डावीकडे! अगं तू डावीकडे घे ना!" पायलट ओरडली, आणि मग आपण काय म्हणालो ते कळून तिनं जीभ चावली. ताईनं काही ऐकलंच नाही असं दाखवून सोफा डावीकडे घेतला. तो सुटला आणि धडधडत खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"हं, आता बोल," ताई म्हणाली. "आणि छान म्हणायचं नाही."

पायलटनं नव्या चष्म्यातून पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे. ताई जाणूनबुजून कंट्रोलरकडे बघत राहिली.

"मला नाही आवडला," पायलट म्हणाली. "दोघांनाही जिंकायला लावतो. मला तुम्हाला हरवायचंय."

ताईला इतकं हसू आलं, की तिला डोळे पुसावे लागले. एवढं खरं मत त्या घरात आजवर कुणी दिलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. आणि हसता हसताच तिला वाटलं, हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं.

शर्यत लागली. रोज घटवलेली वळणं ताईनं एकेक करून काढली. पायलटला आता लांबचं सगळं दिसत होतं, डोंगर, पूल, हात हलवणारे प्रेक्षक. ती ते बघत बसली आणि गाडी सरळ भिंतीवर नेली. ताई जिंकली. उठून दोन्ही हात वर करून जिंकली. आपण लहान पोरांच्या वरताण करतोय हे तिला कळत होतं, पण थांबवत नव्हतं.

"चष्म्यामुळे झालं," पायलट म्हणाली.

"सवय होईल चार दिवसांत. तोवर मी जिंकून घेते."

छोट्या परतला तेव्हा दोघी शर्यतीत होत्या. बॅग दारात ठेवून तो सोफ्याकडे आला, जागा नाही असं बघून खुर्चीवर टेकला. "अरे वा," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला कुणी देणार आहे का?" दोघींच्या गाड्या नेमक्या वळणावर होत्या. तेव्हा तो उठून कॉफी करायला गेला, आणि कप जरा जास्तच आपटत होता.

जळणं त्यानंतर सुटलं, असं काही झालं नाही. पायलटला चष्म्याची सवय झाली आणि ती पुन्हा जिंकायला लागली. ती जिंकली, की ताईला त्या गेमच्या गाड्यांचे रंग बटबटीत वाटायचे. छोट्यानं दोरीचा गेम पहिल्यापासून सुरू करू म्हटलं, तर ताई नको म्हणाली. त्या कड्यावर आता तिघांना ठाऊक असलेलं बरंच काही झालं होतं. तरी ती दर रविवारी जाते. कधी खुर्चीवर बसते, कधी सोफ्यावर. आणि नवराबायको स्वयंपाकघरात गेली आणि आतून एकदम दोघांचं हसू ऐकू आलं, की अजूनही तिला ते टोचतं. फक्त आता ती घरी जाऊन पडदा ओढत नाही. बसल्या जागेवरून हाक मारते, "काय झालं रे?" मग दोघं दारात येऊन तिला सांगतात, आणि ते मुळीच हसण्यासारखं नसतं.